अकरावी कॅसेट

“हा आवाज कसला, सांगा बघू,” असं म्हणून बोल्लीकाकांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

मुंबईच्या एका टीव्ही वाहिनीकडून आलेली ऋता डोळे मिटून ऐकत राहिली. घर्र-खट, घर्र-खट असा जड, संथ आवाज. रेल्वेचं इंजिन असावं, असं ती म्हणाली. मग म्हणाली, पिठाची गिरणी. काका खूश होऊन मान हलवत होते. शेवटी त्यांनीच सांगितलं. तो एका जुन्या टीव्ही मालिकेतल्या अंतराळतळावरच्या यंत्राचा आवाज होता, आणि मालिकावाल्यांनी तो यंत्रमागावरून घेऊन निम्म्या गतीनं वाजवला होता. सव्वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून मागांची दुरुस्ती केलेल्या माणसाला तो पहिल्याच रविवारी ओळखू आला होता.

“मी आमच्या सरोजाला म्हटलं, अगं, हे तर आपला कारखानाच वर घेऊन गेलेत की,” काका म्हणाले. ऋता मनापासून हसली. तिचं ते हसणं खरं होतं, असं मला आजही वाटतं. त्यामुळेच मी फसले असेन.

ही गोष्ट २०११ सालची. सोलापुरात भद्रावती पेठेत काकांची वरच्या मजल्यावरची एक खोली होती आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही अकरा जण तिथं जमायचो. आम्ही स्वतःला ‘तळवासी’ म्हणायचो. १९९९ मध्ये केबलवरच्या एका मराठी वाहिनीवर ‘अवकाशतळ सात’ नावाची मालिका लागायची. पृथ्वीशी संपर्क तुटलेला एक तळ आणि त्यावर अडकलेली चाळीस माणसं. भिंती पुठ्ठ्याच्या होत्या, दार उघडलं की हलायच्या. शिरस्त्राणं कुकरच्या झाकणासारखी दिसायची. पण त्या चाळीस माणसांत हवा कशी वाटून घ्यायची, खोटं बोलणाऱ्याला बाहेर काढायचं का, यावर जे वाद व्हायचे, ते तेरा वर्षांच्या मला रात्रंदिवस पुरायचे. सव्वीस भाग तयार झाले होते. बावीस दाखवले आणि एका रविवारी मालिकेच्या जागी कसलीशी स्पर्धा सुरू झाली. स्पर्धेत हरलेली मुलं रडायची आणि ती रडत असताना कॅमेरा त्यांच्या तोंडाजवळ जायचा. पुढे ती वाहिनीही बंद पडली. तळावरची माणसं जगली की मेली, ते कुणालाच कळलं नाही.

काकांच्या घरी व्हिडिओ रेकॉर्डर नव्हता. त्यांनी टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून प्रत्येक भागाचा नुसता आवाज टेप केला होता. एका भागाला एक कॅसेट, अशा बावीस. मालिकेचं या जगात जे काही उरलं होतं ते त्या बावीस कॅसेटांत. आम्ही त्या ऐकून संवाद वहीत उतरवायचो आणि मग त्यावर तास न् तास भांडायचो.

ऋताचं म्हणणं असं होतं की तिच्या वाहिनीनं त्या जुन्या वाहिनीचं सगळं भांडार विकत घेतलं आहे. न दाखवलेले चार भाग त्यात असू शकतात. त्यांचा ‘जोडी छंदिष्टांची’ नावाचा रिअ‍ॅलिटी शो होता. काका आणि मी, म्हणजे मंडळातली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत धाकटी, अशी जोडी त्यात आली तर वाहिनीतले वरचे लोक शोधाशोध करायला तयार होतील.

ती गेल्यावर मंडळात दोन तास वाद झाला. सगळ्यांत जास्त विरोध इनामदार सरांचा. रफिक इनामदार हे शाळेत गणित शिकवायचे आणि रिअ‍ॅलिटी शोंच्या चुका काढणं हा त्यांचा दुसरा छंद होता. आम्ही जशा ‘अवकाशतळ’च्या चुका शोधायचो, तशाच ते त्यांच्याही शोधायचे. भांडण चालू असताना मागच्या घड्याळात सव्वाचार आणि पुढच्याच क्षणी अकरा. एकीचा चहाचा कप रिकामा, उत्तर देताना भरलेला. सर म्हणायचे, चोवीस तासांतला एक तास दाखवतात, तर मग तेवीस तास कुठं गेले, हे कुणी विचारत कसं नाही. आमच्या मालिकेत पुठ्ठा होता आणि तो पुठ्ठा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. इथं घर खरं, माणसं खरी आणि जे घडतं ते जोडून शिवलेलं.

शेवटी काकाच म्हणाले, “सर, मी सत्तरीला आलो. चार भाग बघायचे आहेत. थोडं शिवून घेतलं तर घेऊ दे.”

वाद तिथं मिटला.

ऋतानं कॅसेटा मागितल्या होत्या. भांडारात शोधताना आवाज जुळवायला लागतील आणि मुंबईत त्यांच्या चांगल्या प्रतीही निघतील, असं कारण होतं. काकांनी पत्र्याच्या पेटीची किल्ली माझ्या हातात दिली आणि सांगितलं, शलाका, एकवीस दे, अकरावी ठेव. त्यामागचं कारण मला माहीत होतं. अकराव्या भागात मध्येच सरोजाकाकूंचा आवाज आहे. काका टीव्हीसमोरून हलेनात म्हणून त्या स्वयंपाकघरातून जेवायला हाक मारतात. काका पाच मिनिटं मागतात आणि त्यांची लहानगी श्रीलता हसते. काकू २००४ मध्ये गेल्या. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंही नव्हता. मंडळातही तो भाग काका एकटेच ऐकायचे आणि संवाद आम्हाला तोंडानं सांगायचे.

पार्सल करायच्या दिवशी मी लॅबमध्ये होते. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त तपासायची. अकरावी सोडून एकवीस पाठवतेय, असं मी कळवलं होतं, म्हणून ऋताचा फोन आला. अकरावी का नाही, असं तिनं विचारलं आणि मी मूर्खासारखं खरं कारण सांगून टाकलं. त्यात नेमकं काय आहे, ते तिनं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, संच अपुरा असला तर वरचे लोक तो गंभीरपणे घेणार नाहीत, तू दे, मी स्वतः सांभाळते, फक्त प्रत काढायची आहे. मी संध्याकाळी पेटी उघडली आणि अकरावीही खोक्यात ठेवली. काकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. किल्ली माझ्याकडंच राहिली.

शूटिंग मुंबईत एका स्टुडिओत होतं. सकाळी मेकअपच्या खोलीत आम्हाला बसवलं आणि एक कॅमेरावाला आमच्या मागेपुढे हिंडत राहिला. सवय व्हावी म्हणून, असं तो म्हणाला. दुपारी आम्ही मंचावर गेलो. समोर दोनशे लोक होते. त्यांच्यापुढे एक माणूस उभा राहून कधी टाळ्या, कधी हसू, ते हातानं दाखवत होता. कोपऱ्यातल्या टेबलावर काकांचाच टेपरेकॉर्डर ठेवला होता. वाहिनीवाल्यांनीच तो घेऊन यायला सांगितलं होतं.

पहिला अर्धा तास छान गेला. काकांनी यंत्रमागाचा किस्सा सांगितला. सूत्रसंचालक हसतमुख, चांगल्या कपड्यांतला, पस्तिशीचा माणूस. तो काकांच्या पाया पडला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला की काका, आता तुमच्यासाठी एक भेट आहे. दिवे मंद झाले. त्यानं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

तळाच्या यंत्राची घरघर आली. कुणीतरी हवेच्या टाकीबद्दल बोलत होतं. आणि मागून, लांबून, काकूंचा आवाज.

भात निवतोय, या, एवढंच त्या म्हणतात. तेलुगूत. पण तेलुगूत आदरानं ‘या’ म्हणायला जो शब्द आहे, तो मराठी-हिंदी कानाला बाईला दिलेल्या घाणेरड्या शिवीसारखा लागतो. सोलापुरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत त्यावरून आमच्या वर्गातल्या तेलुगू पोरांना फार छळायचे. मी काकूंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो शब्द मंचावरच्या मोठ्या स्पीकरमधून गेला.

दोनशे लोक हसले. त्या माणसानं हात दाखवायच्या आतच हसले.

सूत्रसंचालकानं तोंडावर हात ठेवून डोळे मोठे केले. त्यानं कॅसेट मागं घेतली आणि तेवढंच परत वाजवलं. परत हशा.

काका खुर्चीत अगदी ताठ बसले होते. त्यांचे हात मांडीवर होते. ते म्हणाले, “ती मला ‘या’ म्हणतीय. आमच्यात ‘या’ असंच म्हणतात. तिनं मला कधी अरेतुरे केलं नाही.”

सूत्रसंचालकानं समजल्यासारखी मान हलवली आणि तो पुढच्या प्रश्नाकडं वळला. प्रश्न त्याच्या हातातल्या कार्डावर लिहिलेला होता, मला दिसला.

“काका, तुम्ही ही कॅसेट कुणालाच ऐकवत नव्हता. मग ती इथं कशी आली? कुणी दिली असेल, काही अंदाज?”

रुळावरचा मोठा कॅमेरा सरकत आला आणि माझ्यासमोर थांबला. तेव्हा मला सगळा डाव कळला. त्यांना काकूंचा आवाज नकोच होता. त्यांना हवं होतं ते यापुढचं. म्हाताऱ्यानं माझ्याकडं वळावं, तू असं का केलंस म्हणावं, मी रडावं, जोडी फुटावी. पडद्यामागं ऋता उभी होती आणि ती खाली बघत होती.

काका माझ्याकडं वळले. माझा चेहरा त्यांनी किती वेळ पाहिला ते सांगता येणार नाही. मला तर फार वेळ वाटला. मग ते परत समोर वळून शांतपणे म्हणाले, “मीच दिली.”

सूत्रसंचालक अडखळला. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की का, आठवून बघा.

“मीच दिली म्हटलं की. यात आठवायचं काय?”

दिवे लागले. मागच्या अंधारातून दिग्दर्शक मंचावर आला. त्याचं नाव सुमुख होतं. अत्यंत नम्र माणूस. तो काकांच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं सांगितलं की काका, फार सुंदर झालं, फक्त एकदा परत घेऊ. या वेळी आवाज ऐकलात की जरा थांबा. काकूंचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. जे वाटेल ते येऊ द्या. आणि मग शलाकाताईंकडं बघा.

मी आयुष्यात बरेच अपमान पाहिले होते. पण इतक्या अदबीनं केलेला पाहिला नव्हता. एका माणसाच्या मेलेल्या बायकोला पुन्हा एकदा भात निवतोय म्हणायला लावणार होते, कारण पहिल्या वेळी तो पुरेसा रडला नाही.

“तुमच्याकडं ‘परत एकदा’ असतं का?” काकांनी विचारलं. “आम्हाला वाटलं तुमचं सगळं खरं असतं.”

सुमुख हसला. सूत्रसंचालकाचा हात टेपरेकॉर्डरकडं गेला. मग मी उठले. माझ्या कॉलरला लावलेल्या माइकची तार खुर्चीत अडकून तुटली. मी टेबलापाशी गेले, त्या माणसाचा हात बाजूला केला, कॅसेट बाहेर काढली आणि मुठीत धरली. माझ्या तोंडून शिव्या गेल्या असतील. गेल्याच. सुमुखनं मला संमतिपत्राची आठवण करून दिली आणि कॅमेरे चालूच ठेवा, असं मागं सांगितलं, तेही मी ऐकलं.

सोलापूरच्या गाडीत काका खिडकीशी बसले होते. मी कॅसेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून खिसा दाबून बघितला. मी बोलायला लागले तर म्हणाले, “राहू दे. तुझी बुद्धी चळली, तेवढंच. मीसुद्धा त्या चार भागांसाठीच आलो होतो.”

तिसऱ्या शनिवारी तो भाग लागला. आम्ही सगळे इनामदार सरांकडं बसून पाहिला. काका आले नव्हते.

त्यांनी काकूंच्या शब्दावर बीप टाकली होती.

मला आधी कळेचना. यंत्राची घरघर, भात निवतोय, आणि मग ती कर्कश शिट्टी. शिवीवर टाकतात ती. मग लोकांचा हशा. काकांचं ‘ती मला या म्हणतीय’ पूर्ण कापलेलं. त्याच्या जागी लगेच ‘मीच दिली’, आणि सूत्रसंचालक भारावून सांगतोय की पाहा, हा माणूस आपल्या प्रेमाची ठेव स्वतःहून आपल्यासाठी घेऊन आला. मग काकांच्या गालावरून पाणी ओघळताना दिसलं. दोनशे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेवटी मी कॅसेट हिसकावताना, त्याखाली ढोलकीचं विनोदी संगीत.

“काका रडले नव्हते,” मी म्हणाले. “एक थेंबसुद्धा नाही.”

रविवारी दुपारी तोच भाग परत लागला तेव्हा सर वही घेऊन टीव्हीसमोर बसले. मंचावर काकांच्या कॉलरला माइक होता. डोळ्यांतून पाणी येताना कॉलरला माइक नव्हता. मागे मंचाचा निळा पडदा नव्हता, आरशाची कड होती. सकाळी मेकअपच्या खोलीत काकांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं औषध डोळ्यांत घातलं होतं, तो कॅमेरावाला तिथंच हिंडत होता. ते थेंब होते ते.

सरांनी अशा नऊ जागा काढल्या आणि सुवाच्य अक्षरात पत्र लिहून वाहिनीला पाठवलं. उत्तर आलं, संमतिपत्रावर सही आहे आणि संकलन मनोरंजनाच्या दृष्टीनं करण्यात येतं. सोबत बाकीच्या एकवीस कॅसेटा परत आल्या. एका वर्तमानपत्रातही मी गेले. तिथला माणूस म्हणाला, पण शो चांगला झाला की, माझी आई रडली बघून.

त्या बीपनं जे केलं ते हशानंही केलं नसतं. हसणारे तरी न समजून हसले. बीप ऐकल्यावर आमच्या पेठेतल्या तेलुगू माणसांनाही मूळ शब्द काय होता ते कळेना. सगळ्यांनी धरून चाललं की सरोजाबाई नवऱ्याला काहीतरी भयंकर बोलली. कारखान्यातले जुने सोबती काकांना थांबवून विचारायचे, बोल्ली, वहिनी असं काय म्हणाल्या रे? चहाच्या टपरीवर काका दिसले की कुणीतरी हलकेच तोंडानं शिट्टी वाजवायचं.

आणि श्रीलतानं फोन करणं बंद केलं. ती लग्न होऊन भिवंडीला होती. तिनं काकांना एकदाच फोन केला. आईला शिवराळ बाई करून ठेवलंत आणि वर सांगता मीच दिली, असं म्हणाली. त्यानंतर ती फोन उचलेना. हे मला काकांनी सांगितलं नाही, शेजारच्यांकडून कळलं.

काका तिला दोन वाक्यांत सगळं सांगू शकले असते. शलाकानं दिली, मी नाही. ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी भिवंडीला गेले. पद्मानगरमध्ये घर शोधायला वेळ लागला नाही, दारात श्रीलताच उभी होती. बावीस वर्षांची, काकांसारखंच कपाळ. मला ओळखून ती म्हणाली, “तुम्हीच ना त्या कॅसेट हिसकावणाऱ्या?”

मी सरांची नऊ चुकांची यादी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती पाहिली नाही. सासरचे लोक रोज विचारतात, असं ती म्हणाली. तुझी आई काय म्हणाली होती गं? काय सांगू? टीव्हीवर बीप आहे म्हणजे काहीतरी असणारच ना.

“त्या ‘या’ म्हणाल्या होत्या,” मी म्हणाले. तो शब्द मी तिच्याच भाषेत, माझ्या मोडक्या उच्चारात म्हटला. तिचा चेहरा बदलला. तिला लगेच कळलं. तिलाही शाळेत छळलंच असणार.

मग मी दुसरं सांगितलं. काकांनी ती कॅसेट देऊ नको म्हणून बजावलं होतं. किल्ली माझ्याकडं होती. मी न विचारता दिली. सगळ्यांसमोर माझं नाव काढायला त्यांना उचकवलं, दोनदा, आणि त्यांनी ते काढलं नाही.

आतून मागाचा खडखडाट येत होता.

“नाना मला तरी सांगू शकले असते,” ती म्हणाली.

“माझं नाव कुणाला सांगायचं नाही, असं ठरवलं असेल त्यांनी. तुलाही नाही.”

“तुम्ही फार वाईट केलंत,” ती म्हणाली. मी हो म्हणाले. तिनं मला चहा विचारला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

पुढचा दुसरा रविवार होता. बैठकीला आम्ही तिघंच, काका, सर आणि मी. बाकीच्यांनी कारणं कळवली होती. साडेदहाला जिन्यावर पावलं वाजली आणि श्रीलता हातात पिशवी घेऊन दारात उभी राहिली. काका खुर्चीतून उठले. तिनं पिशवी ठेवली, पाया पडली आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

अर्ध्या तासात माझा फोन वाजला. ऋता होती. मी स्पीकर चालू केला, कारण मला तिच्याशी एकटीनं बोलायचं नव्हतं. ती घाईघाईनं सांगत होती की चारही भाग सापडले आहेत. टेपा ठीक आहेत. महाअंतिम सोहळ्यात त्या काकांना समारंभानं द्यायच्या ठरल्या आहेत. फक्त एक विनंती आहे, मुलगी आणि काका दुरावलेत असं समजलं, तर दोघांनी मंचावर यावं, तिथंच भेट होऊ दे. लोकांना फार आवडेल.

इनामदार सर खुर्चीच्या कडेवर आले होते. बारा वर्षं या माणसानं त्या चार भागांचे अंदाज वहीत मांडले होते. त्यांनी विचारलं, “खरंच सापडलेत? की तेही शिवलेलं?”

ऋता म्हणाली, खरंच. मला वाटतं, ती खरं बोलत होती.

काकांनी सरांकडं पाहिलं. “सर, तुमची इच्छा असली तर मी जातो. शपथेवर सांगतो, मनात काही न ठेवता जातो.”

सरांनी चष्मा काढून पुसला. पुसून परत लावला. मग त्यांनी मान हलवली, नाही अशी.

काका फोनजवळ वाकले. आवाज त्यांनी अजिबात चढवला नाही. “बाई, तळावरची माणसं जगली का मेली, ते तुमच्याकडंच राहू दे. आमची माणसं आमच्याकडं आहेत.”

तिकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. क्षमा मागत असेल. काकांनी मला बोटानं खूण केली आणि मी फोन बंद केला. ते चार भाग त्यानंतर कधी कुठं लागले नाहीत. वाहिनीनं ते ठेवले, पुसले की फेकले, ते आम्हाला कधीच कळलं नाही. सर तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारपणात मी त्यांना विचारलं होतं, तेव्हा पस्तावलात का म्हणून. ते म्हणाले, एक-दोन वेळा.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. फोन बंद झाल्यावर श्रीलता म्हणाली, “नाना, मला आईचं ऐकायचंय. मी त्यात हसते म्हणता ना, तेही.”

काकांनी शर्टाच्या खिशातून अकरावी कॅसेट काढली. टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बटणावर बोट ठेवून थांबले. मग त्यांनी सरांकडं आणि माझ्याकडं पाहिलं.

“सर, शलाका, तुम्ही जरा बाहेर बसता का? हे आमच्या घरातलं आहे.”

आम्ही उठलो. सरांनी आमच्यामागं दार ओढून घेतलं आणि आतून श्रीलतानं कडी लावली. जिन्यावर उभं राहिलो तर यंत्राची घरघर सुरू झालेली ऐकू आली. भिंत पातळ होती. अजून मिनिटभर तिथं थांबलो असतो तर सगळं ऐकू आलं असतं.

“चल, खाली जाऊ,” सर म्हणाले.

आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. तिथंही खिडकी वरच होती, म्हणून कोपऱ्यावरच्या हॉटेलपर्यंत चालत गेलो आणि आतल्या बाजूच्या बाकड्यावर बसलो.